लाल नाही

"गालावर लाल चट्टे येतात का?" पहिल्या डॉक्टरने विचारलं होतं. धाकटीच्या आधी ताईनेच छातीठोकपणे सांगून टाकलं, "लाल? छे! लाल नाही."

खोटं काय होतं त्यात? त्यांच्या घराण्याचा रंगच काळाभोर. लहानपणी आईने थोबाडीत दिली तरी गाल लाल म्हणून व्हायचा नाही, नुसता सुजायचा. धाकटीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना काळपट डाग पसरले होते, ते ताईला रोज दिसत होते. पण विचारलं तेवढंच बोलायचं, शिकलेल्यांपुढे पाल्हाळ लावायचं नाही, हे बहिणींच्या अंगात मुरलेलं. डॉक्टर माणूस भला. त्याने कागदावर 'पुरळ नाही' लिहिलं, सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाला. विश्रांती म्हणे! दोघी एका कचेरीतले सात मजल्यांचे संडास धूत होत्या. आठवडाभर घरी बसलं की जागेवर दुसरी बाई हजर.

दीड वर्ष धाकटी गोळ्या गिळत राहिली. लघवीला फेस यायचा, पण ती लघवीला कामावरच जायची आणि तिथल्या संडासाच्या भांड्यात साबणाची पावडर असायचीच. फेसाचं कुणाला नवल? पाय सुजून चपला चढेनात, तेव्हा कुठे दोघी मोठ्या इस्पितळात आल्या.

इथल्या डॉक्टरबाईंनी धाकटीला खिडकीपाशी नेऊन चेहरा न्याहाळला, तपासण्यांचे कागद पाहिले.

"ल्यूपस आहे. रोगाशी लढणारी अंगातली ताकद अंगावरच उलटते. किडन्यांचं फार नुकसान झालंय. हे डाग कधीपासून?"

"दीड वर्षाहून जास्त झालं," ताई म्हणाली.

"मग पहिल्या डॉक्टरच्या कागदावर 'पुरळ नाही' असं कसं?"

ताई म्हणाली, "त्यांनी लाल विचारलं होतं."

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला. "काळ्या कातडीवर ते लाल दिसत नाही हो. आम्हाला शिकवतात ती चित्रंसुद्धा गोऱ्या गालांची."

"तेव्हाच कळलं असतं तर?"

"किडन्या बऱ्याच वाचल्या असत्या."

ताईला संताप आला, पण काढायचा कुणावर? डॉक्टरने विचारलं ते बरोबर, तिने सांगितलं तेही बरोबर. आणि धाकटी तिशीचीसुद्धा नव्हती.

धाकटीने सुजलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "रडू नकोस गं ताई. तू खरं तेच सांगितलंस."

त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या, तर ताईला सोसल्या असत्या.