चाकाखालची लिंबं

मागच्या दसऱ्याला गाड्यांच्या चाकांखाली ठेवलेली लिंबं रुजली आणि आमच्या फुटपाथवर लिंबोणीची झाडं उभी राहिली. यात लिंबांचा काही दोष नाही. गाडीची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवायचं, गाडी हातभर पुढे घ्यायची आणि लिंबू चिरडायचं, अशी रीत आहे. आमच्या गल्लीतल्या लोकांनी पूजा केली, झेंडूचे हार घातले, नारळ फोडले, लिंबं ठेवली. फक्त गाडी पुढे घ्यायची राहून गेली. पुढे घ्यायला जागाच नव्हती, कारण फुटपाथवर पुढे दुसऱ्याची गाडी होती. जी चिरडली नाहीत ती लिंबं काय करणार? रुजली.

आता मगदूम साहेबांच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटमधून खोड वर आलं आहे आणि टपावर फांद्या पसरल्या आहेत. भोकऱ्यांच्या लाल गाडीला तर दोन बहर येऊन गेले. मालक रोज सकाळी येतात, गाडीचं दार उघडतात, आत बसून पेपर वाचतात आणि कामावर रिक्षाने जातात. उन्हाळ्यात भोकरे वहिनींनी मला लोणच्याची बरणी आणून दिली. म्हणाल्या, मावशी, आपल्या गाडीची लिंबं आहेत. लोणचं छान मुरलं होतं, त्याचा मला जास्त राग आला.

राग यायला कारण आहे. मणक्याच्या दुखण्यात माझे पाय गेले तेव्हापासून मी बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीवरून फिरते. खुर्चीसारखी सीट, पुढे टोपली, आणि एक हॉर्न, त्याचा आवाज चिमणीएवढा. फुटपाथ हाच माझा रस्ता. बाकीच्यांना तो गप्पा मारायला, भजी तळायला, गाडी लावायला लागतो. मला फक्त त्यावरून जायचं असतं. पूर्वी सगळे मला सांगायचे, खालून जा की, रस्ता केवढा मोठा आहे. आता तेही सांगत नाहीत, कारण मुळांनी फुटपाथ उचलला आहे. पाडव्याला तो गुडघाभर उंच होता, श्रावणात माणूसभर झाला. घरं त्याला धरून वर आली. लोक शिड्या लावून रस्त्यावर उतरतात. मला आता खालून जाणाऱ्या बसचं टप दिसतं आणि त्यावर कोणाची तरी पडलेली चप्पल दिसते.

मी तक्रार केली नाही असं नाही. वाहतूक खात्याचा माणूस आला, वर बघून म्हणाला, हे झाड आहे, आमच्याकडे येत नाही. मग बाग खात्याचा माणूस आला. त्याने नंबरप्लेट पाहिली आणि म्हणाला, ही गाडी आहे. जाताना दोघांनीही खिसे भरून लिंबं नेली.

आज पुन्हा दसरा. आज मला शशीकडे जायचंच होतं. शशी आणि मी टेलिफोन ऑफिसात शेजारी शेजारी बसून ट्रंक कॉल जोडायचो. तीन मिनिटं झाली की लाइनमध्ये शिरून सांगायचं, तीन मिनिटं झाली. पलीकडे कोणी रडत असो, कोणी लग्न ठरवत असो. त्यामुळे मिनिट केवढं असतं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. शशी आमच्याच फुटपाथच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि दर दसऱ्याला मी तिला सोनं नेऊन देते. आता तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. घर विकून तिचा मुलगा तिला कायमचा हैदराबादला न्यायला आला होता. ती परत येणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. सकाळी फोनवर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या हातचं सोनं घेतल्याशिवाय मी जायची नाही."

मी आपट्याची पानं टोपलीत ठेवली आणि निघाले. आज लोक सीमोल्लंघन करतात, गावाची वेस ओलांडतात. मला भोकऱ्यांची लाल गाडी ओलांडायची होती.

लाल गाडी आणि कंपाउंडची भिंत यांच्यात माझी चाकं जेमतेम बसली. मी मान खाली घातली, तरी काट्यांनी पदराची किनार ओढून घेतली आणि फांदीवर ठेवली. पुढे स्कूटर-मोटारसायकलींची रोपं ओळीने लावल्यासारखी उभी होती. त्यांच्यामधून वाट काढताना भिंत आणखी जवळ आली. मी श्वास आत घेतला की ती थोडी सरकायची, सोडला की परत यायची. म्हणून मी श्वास फार सोडला नाही.

मगदूम साहेबांच्या गाडीपाशी मात्र वाट संपली. एका बाजूला भिंत गाडीला टेकली होती, दुसऱ्या बाजूला फुटपाथ संपून खाली रस्ता होता. पानांमधून मला शशीचं फाटक दिसत होतं. ती फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवलेला होता. सामान शिडीवरून उतरवून झालं होतं. तिला शिडी जमणार नाही म्हणून खुर्चीसकट दोरीने खाली सोडायचं ठरलं होतं आणि दोरी खुर्चीला बांधून तयार होती.

मगदूम साहेब गाडीत बसून पेपर वाचत होते. मी काचेवर टकटक केलं.

"साहेब, गाडी जरा घ्या. मला पलीकडे जायचंय."

"घेतो की. पाचच मिनिटं."

मी मनात मोजायला लागले. ती माझी जुनी सवय आहे. पाच मिनिटं मोजून झाली, तेव्हा साहेब पेपरच्या मधल्या पानावर होते. मी त्यांना तसं सांगितलं.

"तुमची झाली असतील, मावशी," ते म्हणाले. "आमची व्हायचीत अजून."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायांना काही कळत नाही, तरी आग गेली. मी हॉर्न दाबून धरला. वर फांदीवरच्या चिमणीने त्याला उत्तर दिलं आणि साहेबांनी काच वर केली.

तेवढ्यात मागून गल्लीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. वर्षाची पूजा करत, एकेका गाडीला कुंकू लावत त्या माझ्यापर्यंत पोचल्या. पुढे भोकरे वहिनी होत्या.

"अगंबाई, मावशींची गाडी राहिलीच की."

मी म्हटलं, मला घाई आहे, माझी मैत्रीण जायला निघाली आहे. वहिनी म्हणाल्या, आजच्या दिवशी नको म्हणू नये, वर्षभर पळते बिचारी तुमच्यासाठी. वर्षभरात माझ्या गाडीबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता. अडते, मध्ये येते, हॉर्न वाजवते, एवढंच ऐकलं होतं. मला एकदम भरून आलं आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. तिथेच चुकलं. त्यांनी हँडलला कुंकू लावलं, हार घातला, गाडीला ओवाळलं आणि मी गाडीवरच होते म्हणून मलाही ओवाळलं. मग वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू सारलं.

"लिंबं नको, वहिनी."

"रीत आहे, मावशी. आता जरा पुढे घ्या."

लिंबू चिरडायला हातभर जागा लागते. माझं चाक आणि मगदूम साहेबांचा बंपर यांच्यात बोटभर होती. मी पुन्हा काचेवर टकटक केलं, दोन्ही हातांनी केलं. म्हटलं, साहेब, हातभर पुढे घ्या, फक्त हातभर. त्यांनी आतून पंजा दाखवला, पाची बोटं उघडून. बायका तोवर मोटारसायकलींच्या रोपांकडे वळल्या होत्या.

पूजा झालेली गाडी मागे घेत नाहीत, पण मी असले शकुन मानत नाही. मी मागे जायचं बटण दाबलं. मोटर घुमली आणि गाडी जागची हलली नाही. खाली वाकून पाहिलं तर टायरवर पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं चढत होती. फरशीच्या फटीत शिरलेली टोकं हळूहळू जाड होत होती. टोपलीच्या जाळीतून एक कोवळं खोड वर आलं आणि त्याने आपट्याची पानं अलगद उचलून धरली.

मग मी एक पान फेकून पाहिलं. ते मगदूम साहेबांच्या टपावर पडलं. साहेबांनी काच खाली करून हात बाहेर काढला, पान घेतलं आणि कपाळाला लावलं.

"सोन्यासारख्या राहा, मावशी," ते म्हणाले.

"ते तुम्हाला नाही. ते तेवढं शशीला नेऊन द्या. ती काय, तिथे बसलीय."

त्यांनी शशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी सोडून कसा जाऊ? कोणीतरी जागा घेईल."

मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही. माझ्यासकट फुटपाथ वर येत होता. मगदूम साहेबांचं टप आता माझ्या डोळ्यांच्या रेषेत होतं. काट्यांनी पदर धरला होता, मग बाही धरली. शशी तिकडे होती, हिरवी, लहान, हात पुढे करून बसलेली. तिला मी दिसत नव्हते. माझ्या जागी तिला झाडच दिसलं असतं.

माझ्या मागे चिमणीएवढा एक हॉर्न वाजला.

हा आवाज मी कुठेही ओळखला असता. मान वळेल तेवढी वळवून पाहिलं. मागे माझ्यासारखीच तीनचाकी होती. तिच्यावर एक अनोळखी बाई बसली होती. वयाने माझ्याहून लहान होती. तिच्या टोपलीत आपट्याची पानं होती आणि फाटलेला पदर तिने खांद्यावर गुंडाळून घेतला होता.

"मावशी, गाडी जरा बाजूला घेता का?" ती म्हणाली. "माझा भाऊ पलीकडे थांबलाय. त्याची गाडी निघेल."

त्याच वेळी मांडीवरचा फोन वाजला. मी तो कानाला लावला. शशी रडत नव्हती. ती तिच्या जुन्या आवाजात बोलली, लाइनमध्ये शिरताना बोलायची त्या आवाजात.

"तीन मिनिटं झाली, मालन."

मला दोघींनाही सांगायचं होतं. लिंबांचं सांगायचं होतं, हातभर जागेचं सांगायचं होतं, ही माझी चूक नाही हे सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"पाचच मिनिटं," मी म्हणाले.

पलीकडे दोरी ताणली गेली. शशीची खुर्ची जमिनीवरून उचलली गेली आणि फुटपाथच्या कडेबाहेर झुलू लागली. तिचा तळहात अजून उघडाच होता.