गवत कोण होणार?

केळीच्या बागेत माझं निम्मं आयुष्य गवत उपटण्यात गेलंय. हराळी उपटा, लव्हाळा खणून काढा, पाणी दिलं की मेलं परत हजर. त्यामुळे भूमिका शाळेतून रडत आली आणि म्हणाली, "मम्मी, मॅडमनी मले गवत केलं," तेव्हा माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

शाळेच्या वार्षिकोत्सवात त्यांच्या पाचवीचं जंगलाचं नाटक होतं. भूमिकाला वाघ व्हायचं होतं. रोज बागेत जाऊन ती डरकाळ्या फोडायची. तिच्या आवाजाने वानरं केळीवर यायची बंद झाली, असं तिचे पप्पा शाहपुरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होते. मी तर चांदनी गावात राहणाऱ्या माझ्या भावाला, गिरधरला, फोन करून टाकला होता की भाची वाघ होणार आहे, बघायला ये. आता त्याला काय सांगू, गवत बघायला ये?

भूमिकाला धरलं आणि तशीच शाळेत गेले. पोचल्यावर लक्षात आलं, हातातला विळा हातातच आहे. तो पाहून शिपायाने काही न विचारता आत सोडलं.

रोहिणी मॅडम नेपानगरच्या. वडील कागद कारखान्यात होते, त्यामुळे त्यांचं बोलणं अगदी पुस्तकातलं.

"मॅडम, माही पोरगी तुमाले कोणत्या बाजूनं गवत दिसली?" मी म्हटलं.

"आधी तो विळा खाली ठेवा, मालूबाई," त्या म्हणाल्या. "नाटक आहे कोण कोणाच्या जिवावर जगतं याचं. उन्हाच्या जोरावर गवत आपलं अन्न स्वतः तयार करतं. हरीण गवत खातं, वाघ हरणाला खातो. म्हणजे जंगलात रांधणारं फक्त गवत. बाकी सगळे आयते जेवणारे. सगळ्यात मोठं काम तुमच्या मुलीला दिलंय."

"मंग तर बिलकुल नको!" मी म्हणाले. "रांधणारीसाठी टाळ्या कोन वाजवते? आमच्या घरात तर आजपर्यंत कोनी वाजवल्या नाही."

मॅडम हसल्या. भूमिका माझा पदर धरून सगळं ऐकत उभी होती.

"पण मग गवत कोण होणार?" मॅडमनी विचारलं.

"कोनी बी होवो. माही पोरगी नाही."

मॅडमनी मान डोलावली. भूमिका वाघ झाली. येताना मी विळा खांद्यावर टाकून अशी चालत होते, जशी लढाई मारून आले.

पण गावात अशी बातमी लपते थोडीच? दुसऱ्याच दिवशी आशाबाई शाळेत गेली, तिचा रोहित हरीण होता म्हणून. तिच्या मागे बाकीच्या. ज्याला त्याला वाघच पाहिजे. चेतन पहिल्यापासून वाघ होता, त्याची आई उगाच येऊन भांडून गेली, आपण मागे राहायला नको म्हणून. पिवळ्या कापडासाठी आम्ही सगळ्या इतवाऱ्याच्या बाजारात एकाच दुकानात भेटलो. दुकानदार विचारत होता, हळद कोणाकडे आहे?

मॅडम कोणाला नाही म्हणाल्या नाहीत. मला फक्त एवढंच म्हणाल्या, "घरचा केळीचा एक घड द्याल का? पिकलेला हवा." भूमिकाच्या पप्पांनी बागेतला सगळ्यात भरदार घड आधीच उतरवून घरात पिकायला टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी गिरधर मोबाईल सरसावून पहिल्या रांगेत बसला. पडदा उघडला. स्टेजवर मधोमध आमचा घड टांगलेला, पिवळाधमक, आणि भोवती वाघच वाघ. सगळ्यांनी मिळून अशी डरकाळी फोडली की मागे कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. आम्ही आयांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

मॅडमनी माइक घेतला. "या घडात शंभरेक केळी आहेत. हे समजा उन्हातून मिळालेलं बळ. ज्याला मिळेल त्याने त्यातलं बहुतेक चालण्यात, वाढण्यात, श्वास घेण्यात खर्च करायचं. दहातलं एक जेमतेम पुढच्याला मिळतं. चला, गवत, पुढे या."

कोणी हललं नाही.

चेतनने हळूच घडाकडे हात नेला. मॅडमनी तो हात बाजूला केला. "वाघ ऊन खाऊन जगत नाही, बेटा."

वाघ एकमेकांची तोंडं बघायला लागले. कोणीतरी परत एक डरकाळी फोडली, पण ती निम्म्यातच बसली. "मॅडम, भूख लगी है," रोहित रडवेला होऊन म्हणाला, आणि लोक पोट धरून हसायला लागले. नाटक तिथेच अडकलं. माझे कान तापले. ही सगळी वाघांची जत्रा सुरू कोणी केली, हे गावाला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात भूमिकाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले, हलू नको तिथून! पण माझीच पोरगी ती, ऐकते काय? तिने वाघाची टोपी काढली, घडाखाली जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पानांसारखे पसरले.

"मी केळ आहे," ती ठसक्यात म्हणाली. "ऊन मी खाते. सगळ्यांचं मी रांधते. कोन जेवणार?"

रोहितने टोपी भिरकावली. "मी वानर!" मग दुसरा वानर झाला, मग तिसरा, आणि बघता बघता जवळजवळ सगळे वाघ शेपट्या सावरत केळीखाली रांगेत. भूमिकाने त्यांना दहा केळी मोजून दिली. त्यांनी ती वाटून खाल्ली आणि नियमाप्रमाणे एक वाघासाठी ठेवलं. वाघ उरला होता एकटा चेतन. त्याने ते केळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"बस, इतना ही?"

"म्हणून तर जंगलात वाघ थोडे असतात," मॅडम म्हणाल्या. "आणि घडावर उरलेली केळी म्हणजे झाडाने स्वतः जगण्यात खर्च केलेलं बळ, ते ऊब होऊन हवेत जातं. परत हाती येत नाही. भूमिका, ती केळी लोकांत वाटून टाक."

भूमिका फण्या घेऊन खाली उतरली. सगळ्या लोकांत हिंडून तिने केळी वाटली. लोक खातही होते आणि टाळ्याही वाजवत होते.

"ताई, तू तर म्हने वाघ दाखवते," गिरधर तोंडात केळ धरून म्हणाला.

"वाघाले काय मिळालं, पाहिलं ना? गपचूप खाय!" मी म्हणाले. टाळ्या वाजवून वाजवून माझे तळहात लाल झाले होते.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. गिरधर आणि भूमिकाचे पप्पा जेवायला बसले होते. पहिली भाकरी ताटात पडली आणि भूमिका एकटीच टाळ्या वाजवायला लागली.

"आता काय झालं?" तिच्या पप्पांनी विचारलं.

"आपल्या घरात रांधणारीसाठी कोनी वाजवत नाही ना," ती म्हणाली. "मम्मीच मॅडमले सांगत होती."

तिच्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला घास खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागले. मग गिरधरही.

"पुरे आता, भाकरी थंडी होते," मी ओरडले आणि तव्याकडे तोंड फिरवलं. पण खरं सांगते, मला फार फार बरं वाटलं. दुसरी भाकरी तर अशी टम्म फुगली!