सत्ताविसावी स्लाइड

“काका, सत्ताविसावी स्लाइड कुठंय?”

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. संस्थेत व्याख्यानांचं चित्रण करण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. शास्त्रज्ञ बोलायचे, काका ते टिपायचे आणि मग बोलण्याशी एकेक स्लाइड सेकंदासेकंदानं जुळवून व्हिडिओ साइटवर चढवायचे. विज्ञानातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. म्हणून ते वहीत तारीख, वेळ आणि स्लाइड कशी दिसते तेवढं लिहून ठेवत. एखादी ‘तीन टोपल्या’, एखादी ‘विस्कटलेली लोकर’.

समोरची मुलगी सहा वर्षांपूर्वी इथलीच विद्यार्थिनी होती. “तो आलेख मी पहिल्यांदा ह्या व्याख्यानात दाखवला, काका. आता माझ्या मार्गदर्शक सरांनी तो स्वतःच्या नावावर छापलाय. माझी फाइल चौकशी समिती मानत नाही. म्हणे, कालही बनवली असशील. संग्रहातला व्हिडिओ आणा.”

व्हिडिओत एकतीस मिनिटं झाल्यावर ती म्हणत होती, “हे वळण बघा.” एका चौकटीत तिचा हात हवेत वर चढत होता. शेजारच्या चौकटीत मात्र आधीचाच आकड्यांचा तक्ता ढिम्म उभा होता.

काकांना सगळं आठवलं. व्याख्यानानंतर दोनच दिवसांनी सर स्वतः खोलीत आले होते. “तिचे आकडे चुकलेत हो. पोरगी रडतेय. गुपचूप काढून टाका, मूळ प्रतही ठेवू नका.” काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी हेच सर रात्रभर बाकावर बसून होते. त्यांच्यावर अविश्वास कोण दाखवणार? उभ्या नोकरीत काकांनी एकदाच कात्री लावली, तीही पोरीची अब्रू राखायला.

“तू तेव्हा रडली होतीस का गं?”

“कशाबद्दल?”

काकांनी सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्या स्लाइडबद्दल विचारलं. “जाऊ द्या हो, काका,” सर हसले. “जुनं काय उकरायचं? पुढच्या महिन्यात निवृत्त होताय, झकास समारंभ करू तुमचा.”

सरांनी केसानं गळा कापला होता, आणि तोही काकांच्याच हातून. काकांनी फोन आदळून ठेवला.

त्यांनी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली, त्या व्याख्यानाचं पान उघडलं आणि त्याचा फोटो घेतला. फोटोखाली टाइप केलं : ‘इथली स्लाइड सरांच्या सांगण्यावरून मी काढली.’ पुढे पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला.

“काका, तुमचा समारंभ राहून जाईल,” ती म्हणाली.

“राहू दे.”

त्यांनी तो फोटो बरोबर एकतीस मिनिटं चौदा सेकंदांवर बसवला, व्हिडिओ साइटवर चढवला आणि लावून दाखवला. काकांचं तिरकं अक्षर पडद्यावर आलं : ‘२७. उलटी घसरगुंडी, टोकाला वळण.’ शेजारच्या चौकटीत सहा वर्षांपूर्वीचा तिचा हात हवेत चढत गेला आणि टोकाला जाऊन वळला.