अंगठ्याचं माप

...रबराची ती पांढरी चकती मधोमध जराशी खोलगट झालेली, तिच्यावर बाटलीच्या तोंडाचा गोल ठसा, आणि त्या ठशाची डावीकडची बाजू अगदी फिकट, असून नसल्यासारखी, म्हणजे तिथं चकती बाटलीला नीट टेकलीच नव्हती, नुसती टेकल्यासारखं करत होती... तो चकती खिडकीच्या उजेडात धरून पाहत राहिला. चहा निवत चालला होता. आतून आत्या विचारत होती की चहा प्यायला केलाय की आंघोळीला, तेव्हा थंड व्हायची वाट कसली बघतोस?

“आलो,” तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

बाटल्यांच्या कारखान्यात नवे नमुने काढणं हे त्याचं काम, आणि वर्षभर त्यानं एकच गोष्ट मनाशी धरली होती: पुन्हा पुन्हा उघडता येईल आणि पुन्हा पुन्हा तितकंच घट्ट बसेल असं बूच. बाटलीच्या गळ्याला तारेची कडी, कडीत चिनी मातीचं बूच, बुचाखाली रबराची चकती, आणि बाजूला तारेचाच एक खटका. अंगठ्यानं खटका वर उचलला की उघडलं, खाली दाबला की बंद. एवढंच. लोकांना सांगितलं की लोक हसत. आत्या तर त्याला टोपणरावच म्हणे. आल्यागेल्याला सांगे, “आमचे टोपणराव जगाची तोंडं बंद करत हिंडतात, पण यांचं स्वतःचं तोंड घरात उघडेल तर शपथ!” आणि मग स्वतःच इतकं हसे की समोरच्याला हसावंच लागे.

त्याच्या वडिलांची ही थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, वडील कामासाठी सदा बाहेरगावी, तेव्हा त्याला वाढवलं ते आत्यानं. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात ती काजं करायची. हातानं. शर्ट विरून जाईल पण तिचं काज उसवणार नाही, असं दुकानाचे मास्तर गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगत, जणू काजं त्यांनीच केली होती. पुढं तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले, सुई निसटायला लागली, आणि एके दिवशी ती दुकानातून दुपारीच घरी आली. “पुरे झालं,” म्हणाली. त्यानंतर डॉक्टरांनी दाबायला एक मऊ बॉल दिला. तो ती रेडिओ ऐकता ऐकता दाबत बसे, आणि डॉक्टरांना नावं ठेवी.

बुचाचा प्रत्येक नवा नमुना आधी आत्याच्या हातात जायचा, मग कारखान्याच्या तपासणीला. हा नियम कधी ठरला नव्हता, पडून गेला होता. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, बाटली मांडीवर, डावा हात बाटलीच्या गळ्याशी, उजवा अंगठा खटक्याखाली. पहिल्या नमुन्याला म्हणाली होती, “मेल्या, हे बूच आहे की तिजोरी?” त्यानं तार बारीक केली. मग, “हं, बरंय,” आणि थोड्या आठवड्यांनी, “पुन्हा घट्ट झालं रे तुझं बूच!” त्यानं खटका लांब केला. पुन्हा बरं झालं, पुन्हा घट्ट झालं. त्यानं रबर मऊ घेतलं... कारखान्यात सगळ्यांना हे ठाऊक होतं. साहेबसुद्धा नमुना हातात घेतला की आधी विचारत, “घरून पास झालंय ना?”

आणि आज सकाळी, या चहाच्या थोडं आधी, नव्या नमुन्याला तिनं अंगठा लावला मात्र, टक्क! बूच उघडून बाजूला लोंबलं. तिनं ते लावलं, पुन्हा उघडलं. टक्क. मग बाटलीकडे नाही, आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली, डोळे विस्फारून, कौतुकानं.

“पास,” ती म्हणाली. “आणि ऐक, तो डॉक्टर माणूस हुशार आहे हं. मी उगीच त्याला टाकून बोलले. बॉलचा गुण आला. रविवारी माळ्यावरून माझी सुयादोऱ्यांची पेटी काढून दे. मास्तरांना आजच सांगून टाकते मी, पहिल्या तारखेपासून येते म्हणून.”

त्याला बरं वाटलं. बूच जमलं म्हणून एक आणि आत्याचे हात सुधारले म्हणून एक, असं दोनदा बरं वाटलं. कालपर्यंत वापरातल्या बुचाची चकती सुटी करून तो ती सहज उजेडात बघायला लागला होता, एवढंच. त्यानं गार चहा एका घोटात संपवला आणि नमुना पिशवीत टाकून निघाला.

कारखान्यातल्या तपासणीच्या बाई त्याच्या टेबलाशी येऊन थांबल्या तेव्हा त्यांच्या हातात टीपकागद होता. बाटलीत जांभळं पाणी भरायचं, बूच लावायचं, बाटली टीपकागदावर आडवी निजवायची, आणि दुसऱ्या दिवशी कागद बघायचा, अशी त्यांची रीत. कागदावर भलाथोरला जांभळा डाग होता.

“सर, तुमच्या बाळानं पुन्हा अंथरूण ओलं केलं.”

तो हसला. मागच्या नमुन्याचा डाग होता तो. म्हणाला, बाटलीचं तोंडच वाकडं असेल, या भट्टीच्या बाटल्यांचा भरवसा नाही. बाई म्हणाल्या, बाटली तीच आहे, बुचंच बदलली. मग रबर, तो म्हणाला, हे रबरवाले हल्ली काय वाट्टेल ते गळ्यात मारतात.

“रबराला कशाला बोल लावता? तुम्ही दाबाल तेवढंच ते दबणार. तुमचं पहिलं बूच बघा. अजून कोरडंठाक. त्याच्या पुढचं प्रत्येक बूच आधीच्यापेक्षा जास्त गळतंय.” आणि जाता जाता वळून, अगदी सहज, “सर, बुचं मवाळ होत चाललीत तुमची.”

साहेबांनी लांबूनच हात उंचावला, म्हणाले, उद्या मंजुरीचे लोक येणार, गळकं काही चालायचं नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा.

मवाळ. हा शब्द माणसांविषयी बोलायचा, बुचांविषयी नव्हे... त्यानं कपाटातून सगळे नमुने काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले, पहिल्यापासून आज सकाळच्यापर्यंत. अंगठा खटक्याखाली घातला. हे त्यानं असं कधी केलंच नव्हतं. कशाला करील? त्यासाठी आत्या होती ना! पहिलं बूच अडलं, अंगठ्याच्या मुळाशी जोर लागला, मग सुटलं, खणखणीत. पुढचं जरा लवकर सुटलं. त्याच्या पुढचं आणखी लवकर. आणि आजचं, फुलासारखं उघडलेलं, पास झालेलं, ते त्याचा अंगठा पुरता टेकायच्या आतच उघडलं. हे सोपं नव्हतं. हे सैल होतं.

पण तिला तर प्रत्येक बूच सारखंच लागत होतं. नवं असताना बरं, आणि थोड्या दिवसांनी घट्ट... पुन्हा घट्ट झालं रे तुझं बूच, पुन्हा घट्ट झालं... आणि आपण काय सांगत होतो तिला? रबर फुगतं, आत्या. हवेनं फुगतं. साहेबांच्या बैठकीतसुद्धा त्यानं हे फुगण्याचं शास्त्र मोठ्या ऐटीत मांडलं होतं, फळ्यावर चकती काढून, बाण काढून. आता टेबलावरची ती जुनी बुचं त्यानं पुन्हा एकदा उघडमीट करून पाहिली. एकही फुगलं नव्हतं. होती तशीच होती बिचारी. वर्षभर मी बूच सुधारत नव्हतोच. तिच्या हातातला जोर जसजसा खाली जात होता, तसतसं मी ते खाली उतरवत होतो, तिच्या मागोमाग, पायरी पायरीनं, आणि दोघंही समजत होतो की चढतोय.

आणि मग, काही कारण नसताना, त्याला घरातले डबे आठवले. साखरेचा, चहाचा, मिठाचा. डबा वापरून झाला की तो झाकण नुसतं टेकवून ठेवायचा, फिरवायचा नाही. केव्हापासून? आधी तर तो झाकणं घट्ट लावायचा, आत्या ओरडायची की राक्षसासारखं पिळू नकोस म्हणून. नळसुद्धा... नळसुद्धा तो पुरता बंद करत नव्हता. म्हणजे हातांना कळलं होतं. हात गुपचूप आपलं काम करत होते आणि डोक्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दुपारी त्यानं बूच बांधलं. पहिली जाड तार, पहिलं कडक रबर, खटका मात्र लांबच ठेवला, तेवढी एक कमाई राहू दिली. बाईंनी बाटली भरली, आडवी केली, उलटी केली, धरून झडझडून हलवली, टीपकागदावरून बोट फिरवून पाहिलं. “हे झोपेल शांत,” म्हणाल्या. चांगलं बूच होतं. वर्षभरातलं सगळ्यात चांगलं, हे आता त्याच्या अंगठ्यालाही कळत होतं. साहेबांनी ते टक्क करून उघडलं, टक्क करून लावलं, आणि परत देत म्हणाले, “झकास. घरून पास करून आणा, म्हणजे सुटलो.”

पिशवी हातात घेऊन तो चालत घरी निघाला, नेहमीपेक्षा हळू. सांगता येईल की दाखवलं, पास झालं. कोण विचारायला जातंय? पिशवी कोपऱ्यात ठेवायची, झालं. तिला तिचं मऊ बूच राहू दे, तिचा बॉल, तिचा हुशार डॉक्टर... पण पहिली तारीख येणारच होती. ती पेटी घेऊन दुकानात जाईल, आपल्या जुन्या जागेवर बसेल, मास्तर शर्ट पुढ्यात टाकतील, नव्या मुली माना वर करून बघतील. सुईला काय, सुईला खोटं बोलता येत नाही. तिथं, सगळ्यांच्या देखत कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. पण कसं सांगायचं? आत्या, तुझे हात... आत्या, माझं जरा चुकलं... आत्या, रबर फुगत नसतं. रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली, आणि दाराशी पोचेपर्यंत सगळी फुकट गेली. आयुष्यात त्याला कुणाची इतकी काळजी वाटली नव्हती, आणि इतकं पळून जावंसंही वाटलं नव्हतं.

ती खिडकीजवळच्या खुर्चीतच होती. रेडिओ बंद केला तिनं.

“आणलंस का काही?”

“आहे एक. उद्या बघू. दमली असशील.”

“दमायला मी काय दिवसभर खुर्चीत बसणारी साहेब आहे?” मग आपण खुर्चीतच आहोत हे लक्षात येऊन ती हसली. हात पुढे केला. “आण इकडे.”

त्यानं दिलं. काय करणार होता! ती हात पुढे करून बसली की त्याच्यानं कधीच काही लपवलं गेलं नव्हतं. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला.

बाटली मांडीवर, डावा हात गळ्याशी, अंगठा खटक्याखाली. खटका हलला नाही. तिनं अंगठा काढला, जरा वेगळा घातला, पुन्हा जोर लावला. हलला नाही.

“हात गार पडलेत,” ती म्हणाली, आणि तळहात एकमेकांवर चोळायला लागली. चोळत राहिली. पुन्हा अंगठा घातला. मनगटाशी एक शीर वर आली. त्याच्या तोंडाशी ते वाक्य आलं, तयारच होतं, वर्षभर वापरून गुळगुळीत झालेलं. “आत्या, ते—”

“रबर फुगलंय, म्हणू नकोस.”

ती त्याच्याकडे बघत नव्हती. बाटलीकडेच बघत होती. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, मीठ कमी पडलंय म्हणावं तसं म्हणाली. तिला केव्हापासून माहीत होतं? आज सकाळी, अंगठ्याकडे बघताना? की त्याच्याही आधी, झाकणं नुसती टेकवलेले डबे एकेक करून उघडताना...

“दे,” तो म्हणाला. “मी उघडतो.”

“बस गप.”

तो बसला. आणि मग मला एकदम ती सकाळ आठवली, शाळेची पहिली, नवा कोरा शर्ट, काजं तिनंच केलेली, घट्ट, ताजी, माझी एवढीशी बोटं आणि बटण आत जाता जाईना, शाळेला उशीर झालेला, मी रडतोय, दुष्ट आहेस तू म्हणतोय, तूच लाव म्हणतोय, आणि ही समोर बसलेली, मांडीवर हात ठेवून, ढिम्म. येईल तुला, एवढंच म्हणत होती. किती वर्षं मी मनात धरून होतो, की त्या दिवशी हिला माझी दया आली नाही! तिचे हात मात्र मी तेव्हा पाहिले होते, नुसतेच पाहिले होते, आणि आता ते समोर आले: एकमेकांत गच्च अडकवलेली बोटं, दाबून दाबून नखं पांढरी पडलेली.

मी खाली बघितलं. माझ्या मांडीवर माझे हात तसेच होते.

“असा बघत काय बसलायस? चहा ठेव जा,” ती म्हणाली, ओठ दाबून, आणि पुन्हा खटक्याखाली अंगठा घातला. मी उठलो नाही. उघडावं असं वाटत होतं, उघडणार नाही हेही दिसत होतं, आणि सकाळपासून, की वर्षभर, पोटात जे धरून ठेवलं होतं ते आता तिथं नव्हतं. सांगायचं काही उरलं नव्हतं. ती जोर लावत होती, मी बोटं सोडत नव्हतो, आणि इतक्या जवळ आम्ही कितीतरी दिवसांत बसलो नव्हतो.