सेजच्या झुडपांतली हाक

मुलांनो, असं समजा की तुम्ही अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या एका मेंढपाळाच्या स्वयंपाकघरात उभे आहात. जेवणाच्या बश्या उचलल्या आहेत आणि टेबलावर जुना टॉवेल पसरून त्यावर दोन रायफली ठेवल्या आहेत. दोन्ही रिकाम्या आहेत, तरी हात लावू नका. कारिननेही लावला नव्हता. ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून मोठ्यांचं बोलणं ऐकत होती.

"एनार, त्या जुन्या बोल्टच्या रायफलीवर तुमचा जीव आहे, कळतं मला," तिचे वडील क्ले सासऱ्यांना म्हणाले. "पण परवा काय झालं? कॉयोटच्या जोडीतला नर पडला. तुम्ही बोल्ट मागे ओढून दुसरी गोळी चढवेपर्यंत मादी टेकडीपलीकडे. आणि काल सकाळी आणखी एक कोकरू गेलं."

"थंडीने बोटं आखडली होती."

"मोंटानात थंडी काय, जूनपर्यंत आहे." क्लेनी दुसरी रायफल पुढे सरकवली. "माझी ही घेऊन जा. सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते. तुम्ही नुसता चाप ओढायचा."

"त्याचीच तर भीती वाटते."

"भीती कसली?"

"बोल्ट मागे-पुढे करावा लागतो ना, तेवढ्यात मी पुन्हा एकदा बघून घेतो."

"आणि कॉयोट तेवढ्यात पळून घेतो," क्ले म्हणाले. कारिन खुदकन हसली, मग आजोबांकडे बघून गप्प झाली.

एनार हॉवलँड हा माणूसच तसा, दोनदा बघणारा. सकाळ-संध्याकाळ मेंढरं आणि मधल्या वेळात शाळेची बस, यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बस रुळांपाशी आली की तो थांबायचा, दार उघडायचा आणि कान द्यायचा. मोठी मुलं मागून ओरडायची, "एनार, आगगाडी रस्ता चुकली वाटतं!" तो हसायचा, पुन्हा ऐकायचा आणि मगच बस रूळ ओलांडायची. पण आता बोटांचे सांधे सुजत होते, आणि मेंढ्या विण्याचा हंगाम तर ऐन भरात होता. कॉयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असा प्राणी. जोडीने येतो आणि कोवळं कोकरू मानेला धरून नेतो. असंच चालू राहिलं तर कळप विकायचा, असं घरात ठरत आलं होतं. एनारने खूप वेळ आपल्या बोटांकडे पाहिलं आणि सेमी-ऑटोमॅटिक उचलली.

पहाटे उजाडण्याच्या सुमाराला तो आणि कारिन टेकडीच्या उतारावर सेजच्या राखाडी झुडपांत बसले. खोलगट जागी अजून बर्फ होता. एनारने गोळी आधीच नळीत चढवून ठेवली. बोल्टच्या रायफलीत तो जनावर पूर्ण दिसल्याशिवाय कधी गोळी चढवत नसे, पण क्लेनी बजावलं होतं, तयार राहिलात तरच या बंदुकीचा उपयोग.

मग त्याने तोंडातल्या शिटीतून कॉयोटची हाळी घातली. आवाज लांब गेला आणि विरला. थोड्या वेळाने टेकडीच्या पाठीमागून उत्तर आलं.

"आली," एनार पुटपुटला. "मादी आहे. हलू नकोस."

त्याने पुन्हा हाळी दिली. पुन्हा उत्तर आलं, या वेळी जवळून. कारिनला कॉयोटची भीती नव्हती. आजोबांच्या श्वासाची वाटत होती. तो भरभर चालला होता, आणि त्यांचा अंगठा सेफ्टीवर, म्हणजे चाप अडवणाऱ्या खटक्यावर टेकला होता.

तिसरं उत्तर आलं आणि समोरच्या झुडपांवर काहीतरी राखाडी-तपकिरी हललं. केसाळ होतं ते. थांबलं, खाली बसलं, पुन्हा वर आलं. सेफ्टी सरकल्याचा बारीक आवाज झाला.

कारिन मात्र पलीकडून येणाऱ्या हाळीचाच विचार करत होती. तिन्ही वेळा ती अगदी एकसारखी निघाली होती, आणि तिन्ही वेळा तिच्या शेवटी थुंकी अडकल्यासारखी घरघर होती. आजोबांची शिटी ओली झाली की अशीच घरघरायची. जनावर कशाला घरघरेल?

"आजोबा," ती हळूच म्हणाली.

"श्श."

त्यांचं बोट चापावर होतं. हिवाळ्यात चर्चच्या तळघरात झालेल्या शिकारीच्या वर्गात बाईंनी सांगितलं होतं: समोर दुसरा शिकारी असेल तर हात हलवू नका, शीळ घालू नका, जनावर वाटाल. माणसासारखं बोला.

"गुड मॉर्निंग!" कारिन जिवाच्या आकांताने ओरडली. "आम्ही माणसं आहोत! इथे दोन माणसं आहेत!"

समोरची झुडपं हलायची थांबली. मग तिथून एक चिरका आवाज आला, "अरे देवा."

वेड प्रुइट उभा राहिला. शेजारच्या कुरणाचा तरुण मालक. त्याच्या डोक्यावर कॉयोटच्या कातड्याची टोपी होती. त्याने ती काढली, कुठे ठेवावी ते न सुचून हातातच चुरगाळली, आणि खाली येताना दोनदा घसरला.

"एनार, मला वाटलं मादी उत्तर देतेय," तो म्हणाला. हसायला गेला, पण ओठ वळेनात. "तुमची पांढरी दाढी हलताना दिसली. म्हटलं, छातीचे केस. माझ्या रायफलीच्या दुर्बिणीत होतात तुम्ही."

"तूही होतास," एनार म्हणाला. त्याने सेफ्टी लावली, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळीतली गोळी काढली. ती बर्फात पडली. "चूक माझी. आज ही उतावळी बंदूक आणायलाच नको होती. जुनी असती तर गोळी चढवताना दिसला असतास मला. तुझ्याकडे कुठली आहे?"

वेडने खांद्यावरची रायफल पुढे केली. तशीच होती, एनारच्या जुन्या रायफलीसारखी.

"बोल्ट," तो म्हणाला.

"गोळी चढवलेली?"

"हो."

"आणि चढवताना बघितलंस?"

"बघितलं," वेड म्हणाला. "दोनदा."

एनार ओल्या जमिनीवर तसाच बसला. मग वेड मान खाली घालून आपल्या कुंपणाकडे निघून गेला. एनारने उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा कारिनच्या खांद्यावर हात ठेवून तो उठला.

घर टेकडीच्या पायथ्याशी होतं, आणि मधे सगळी झुडपंच झुडपं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दूरवर कुठेतरी कॉयोटची हाळी उठली. खरी की शिटीची, दोघांनाही सांगता आलं नसतं. एनार जागीच थबकला.

मग कारिनने काय केलं? तिने आजोबांचा हात धरला, त्यांच्या पुढे झाली आणि मोठमोठ्याने बोलत चालू लागली. वर्गातल्या मुलांची नावं, लंगड्या मेंढीला झालेली जुळी, न्याहारीला धिरडी हवीत की अंडी, जे सुचेल ते. आवाज फाटत होता, तरी थांबली नाही. विणाऱ्या मेंढ्या बिथरतील म्हणून जिथे एरवी कुजबुजायचं, त्या कोकरांच्या कुरणाजवळूनही ती तशीच बोलत गेली, आणि एनारने तिला एकदाही गप्प केलं नाही.