न कापलेली रिंग

वर्कशॉपमध्ये मला सगळे कात्रीबाई म्हणतात. तेल-गॅसच्या विहिरींवरचे व्हॉल्व्ह आमच्याकडे दुरुस्तीला येतात. झाकण एकदा उघडलं की आतली सीलची रिंग बदलायची, मग ती कालच बसवलेली का असेना. जुनी तिथल्या तिथे कापायची, म्हणजे चुकून परत बसायला नको. जो कापत नाही त्याची मी बिनपाण्याने करते.

आज जेवणाच्या सुट्टीत डबा काढला, तर पिशवीच्या तळाशी रिंग. अख्खी.

काल एकच व्हॉल्व्ह हातावेगळा केला होता. अख्खी रिंग म्हणजे नवी. नवी इथे, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये जुनीच बसलेली. एकदा चेपलेली रिंग चाचणीत टिकते आणि गॅसचा पूर्ण दाब आला की दगा देते. आणि तो व्हॉल्व्ह आज गॅस सोडायला उघडणार होते आमचे हे. विहिरीवर ऑपरेटर आहेत ना.

यांनी फोन उचलेपर्यंत जीव टांगणीला लागला.

“अहो, उघडलात का?”

“आता हात घालतच होतो.”

“घालू नका. खालचा मुख्य व्हॉल्व्ह बंदच ठेवा. मी दुरुस्त केलेल्याचं झाकण काढून आतली रिंग बघा.”

“अगं, पण झालं काय?”

“आधी बघा. मग भांडा.”

डबा तसाच राहिला. ते सुखरूप घरी येऊ देत, एवढंच मनात घोकत बसले. शेवटी फोन वाजला.

“रिंगेवर पिवळी रेघ आहे. चांगली ठळक.”

पिवळी रेघ नव्या रिंगेवर असते, विहिरीचा पूर्ण दाब सोसला की पुसली जाते. माझ्या हातातली मी आत्ता कुठे उजेडात धरली. रेघ पुसलेली. कात्रीबाई जुनी रिंग कापायला विसरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मग तुझ्याकडची कुठली?” यांनी विचारलं.

“जुनी. चुकून पिशवीत पडली, कापायची राहिली.”

“कोणाकडून?”

मी कात्री काढली.

“बरं, झाकण उघडलंय,” ते म्हणाले. “आता ही कोरी रिंगसुद्धा बदलायची ना?”

“बदलायची.”

“आणि कापायची?”

“तिथल्या तिथे.”

ते हसत सुटले, पार खोकला येईपर्यंत. एरवी मी फोन आपटला असता. आज कानाला घट्ट धरून रडत बसले आणि म्हटलं, हसा, अजून हसा.