चौकातले दोन कर्णे

माइकवाल्याच्या घरात त्या दिवशी सकाळीच ठिणगी पडली. बायकोने भाषणाचा कागद मागितला आणि त्याने तिच्या हातात दोन कागद ठेवले.

"हे दोन कशाला?" बायकोने विचारलं.

"हिरवी खूण केलेला शाळेच्या गल्लीत वाचायचा, लाल खुणेचा गोदामांच्या गल्लीत. अदलाबदल करू नकोस हं, नाहीतर दोन्हीकडून बोंब."

बायको शिवणयंत्रावरून उठली आणि खिडकीपाशी जाऊन दोन्ही कागद वाचू लागली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. कापड बेतण्यात तिचा हात असा पक्का, की सगळी वस्ती तिला 'मास्तर' म्हणायची. वॉर्डाच्या निवडणुकीत ती अपक्ष म्हणून उभी होती, आणि त्याचं कारण सगळ्या वस्तीला माहीत होतं. गेल्या वर्षी शाळा सुटायच्या वेळी गोदामाकडे जाणारा एक ट्रक मागे येता येता एका मुलीच्या पायावरून गेला. हमालांच्या मुकादमाची नात ती. तिच्या गणवेशाच्या विजारीचा एक पाय प्लास्टरसाठी उसवून रुंद करून दिला तो मास्तरनेच. ती विजार शिवताना बाईच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, त्या पाण्यानेच तिला निवडणुकीला उभं केलं म्हणा ना! आधी वर्षभर अर्ज करून झाले, खेटे घालून झाले. वॉर्डाचे जुने प्रतिनिधी मान डोलवायचे आणि विसरून जायचे.

"अहो," ती म्हणाली, "हिरव्यात लिहिलंय, दिवसभर ट्रक बंद करीन. लालमध्ये लिहिलंय, एकही ट्रक अडू देणार नाही. मी एकटी बाई दोन्ही कसं करणार?"

"आधी निवडून तर ये!" माइकवाला हसला. "बावीस वर्षं हेच बघतोय मी. एकच बोलणारा घरी बसतो आणि गल्लीगणिक बोलणारा खुर्चीत बसतो."

त्याच्या या बोलण्याला वजन होतं. बावीस वर्षं तो सभांना माइक आणि स्पीकर पुरवत होता, सगळ्या पक्षांना, कुणाला नाही म्हणून नाही. कुठला पुढारी कुठल्या चौकात काय म्हणाला, त्याला तोंडपाठ. एक साहेब नदीकाठच्या लोकांना म्हणाले, "तुमच्या घरांना हात लावू देणार नाही," आणि अर्ध्या तासाने वरच्या वस्तीत म्हणाले, "नदीकाठ मोकळा करून बाग करणार!" रात्री जेवताना माइकवाला दोन्ही आवाज काढून दाखवायचा आणि घरातले हसून हसून बेजार व्हायचे. अशा अनुभवी माणसाशी बायकोने किती वाद घालायचा? तिने दोन्ही कागद पिशवीत टाकले, पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

सकाळी शाळेच्या दारात हिरवा कागद वाचला. आयांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

संध्याकाळी प्रचाराचा टेम्पो गोदामांच्या गल्लीत गेला. माइकवाला टपावर चढला आणि सवयीने स्पीकरचा कर्णा आत, गोदामांकडे वळवला. शाळेच्या बाजूला आवाज जाऊ नये म्हणून. सगळेच उमेदवार त्याला हळूच सांगायचे, "कर्णा जरा आत घ्या." आज कुणी सांगितलंही नव्हतं. हाताला वळण पडलं होतं, दुसरं काय!

मास्तरने लाल कागद वाचला. आवाज नेहमीचा नव्हता, नजर कागदावरून उठत नव्हती. पण हमालांनी टाळ्या वाजवल्या, गोदामवाल्यांनीही वाजवल्या. गर्दी पांगली. माइकवाला खुशीत वायर गुंडाळत असताना मुकादम जवळ आला. साठीचा माणूस, खांद्यावर पंचा, बोलणं सावकाश.

"माइकवाले, एक विचारू? सकाळी नातीला सोडायला शाळेत गेलो होतो. तिथे मास्तर बोलल्या, मी टाळ्या वाजवल्या. आत्ता इथेही वाजवल्या. तर आता यातल्या कुठल्या टाळ्या परत घेऊ?"

माइकवाल्याच्या हातातली वायर तशीच राहिली. एकच माणूस दोन्ही गल्ल्यांत असू शकतो, हे त्याच्या बावीस वर्षांच्या अनुभवाला सुचलंच नव्हतं!

"राजकारण आहे हो मुकादम," तो कसंनुसं हसत म्हणाला. "सगळेच करतात."

"सगळे करतात म्हणूनच तर आम्ही मास्तरांकडे वळलो ना? पोटही माझंच आणि नातही माझीच. ट्रक बंद झाले तर माझी चूल बंद, आणि ट्रक सुसाट सुटले तर माझी पोर घरी येईपर्यंत जिवात जीव नाही. माझ्यासारख्या माणसाचे दोन तुकडे करून तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात."

"पण खरं बोललं की एक गल्ली रुसते, त्याचं काय करायचं?"

"रुसू द्या की! रुसलेल्याची समजूत काढता येते. फसवलेल्याची कशी काढणार?" मुकादम मास्तरकडे वळला. "आणि मास्तर, माणसाचा विचार बदलतो, त्यात काही पाप नाही. आमची अडचण ऐकून तुम्हाला वेगळं वाटलं, तर खुशाल बदला. मी स्वतः तुमची पाठ थोपटीन. फक्त मग शाळेच्या दारात जाऊन तेही सांगा, की बायांनो, मी सकाळी म्हणाले ते आता मला पटत नाही. समोरची माणसं बदलली म्हणून बोलणं बदललं, तर तो विचार नव्हे, तो धंदा झाला."

मास्तर खाली बघत होती. "काका, त्या पोरीची विजार मी शिवली होती," ती म्हणाली, "आणि आज तोच पाय विसरले मी."

मुकादम जायला वळला आणि पुन्हा थांबला. टपाकडे बोट दाखवत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तो कर्णा असा आत का हो वळवलाय?"

बस्स! माइकवाल्याने टपावरच्या कर्ण्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगा, त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. जेवताना तो पुढाऱ्यांना हसत आला होता. पण त्या प्रत्येक पुढाऱ्यासाठी कर्णा कुणी फिरवला होता? त्यानेच, या दोन हातांनी! त्याला स्वतःची लाज वाटली. घरी गेल्यावर त्याने दोन्ही कागद फाडले आणि माळ्यावरून दुसरा कर्णा काढून पुसायला बसला.

प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. शाळेची आणि गोदामांची गल्ली जिथे मिळते, त्या चौकात माइकवाल्याने टेम्पो उभा केला. टपावर दोन कर्णे बांधले, एकाचं तोंड शाळेकडे, दुसऱ्याचं गोदामांकडे. मग बायकोच्या हातात माइक दिला आणि एवढंच म्हणाला, "बोल. आज कागद नाही."

"काल सकाळी मी शाळेच्या दारात म्हणाले, दिवसभर ट्रक बंद करीन," मास्तरने सुरुवात केली. "ते खोटं होतं. संध्याकाळी गोदामांपाशी म्हणाले, एकही ट्रक अडू देणार नाही. तेही खोटं होतं. दोन्ही गल्ल्यांची मी माफी मागते."

काय गलका झाला म्हणता! एक गोदामवाला हात झटकून निघून गेला. एक आई ओरडली, "मग तुमच्यात आणि इतरांत फरक काय?"

"फरक एवढाच, की आज दोघांसमोर बोलतेय," मास्तर म्हणाली. तिचा आवाज आता ठणठणीत होता. "मला खरं वाटतं ते असं. शाळा भरताना एक तास आणि सुटताना एक तास, ट्रक या कोपऱ्यावर थांबतील. बाकी दिवसभर चालतील. पटलं तर मत द्या, नाही पटलं तर देऊ नका. पण यापुढे माझ्या तोंडून तिसरं काही ऐकायला मिळणार नाही."

मग तीच आई हमालांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला आमच्या पोरांची काही पडलेली नाही, असंच वाटायचं आम्हाला."

"अहो ताई," एक हमाल म्हणाला, "आमची पोरं काय विलायतेत शिकतात? तुमच्याच पोरांच्या बाकावर बसतात की!"

चौक हसला! इतकी वर्षं दोन्ही गल्ल्या वेगवेगळ्या ऐकत होत्या. एकमेकींशी बोलायची वेळ आज पहिल्यांदा आली होती. तासभर वाद झाला, आवाज चढले, उतरले, आणि शेवटी मुकादमाने हात वर करून सांगितलं, "दोन तास आम्ही थांबवू. दिला शब्द."

निकाल लागला. मास्तर एक्केचाळीस मतांनी हरली.

माइकवाला तोंड पाडून घरी आला, तर बायको शिवणयंत्रावर बसून कुणाच्या तरी शर्टाला काज करत होती. "जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "आणि तोंड कशाला पाडलंय? मला कालपेक्षा आज गाढ झोप लागेल."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला ती दोघं चौकातून जात होती. कोपऱ्यावर एक ट्रक इंजिन बंद करून उभा होता, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पुढे हात आडवा धरून मुकादम उभा! ना कुणाचा हुकूम, ना कुठली पाटी. मुलं रमतगमत रस्ता ओलांडत होती. त्यांत मुकादमाची नातही होती, अजून जरा लंगडत चालणारी.

"आजोबा, मास्तर हरल्या ना?" तिने विचारलं.

"हरल्या."

"मग ट्रक का थांबवले?"

"शब्द चारचौघांत दिलाय बाळा. हरल्या म्हणून तो काय परत घ्यायचा?"

माइकवाल्याची छाती अशी भरून आली, की भर रस्त्यात त्याने बायकोचा हात धरला. आयुष्यात कधी धरला नव्हता! "अहो, लोक बघतायत," ती पुटपुटली. "बघू देत," तो म्हणाला, "दोन्ही गल्ल्यांनी बघू देत. ही माझी बायको आहे."

त्यानंतर माइकवाल्याने एक नियम केला. कुणी उमेदवार आला आणि "कर्णा जरा आत घ्या" म्हणाला, की तो हात जोडतो. "साहेब, माझ्याकडे एकटा कर्णा मिळत नाही, जोडीच मिळते. एक इकडे, एक तिकडे. चालत असेल तर बोला." काही जण तडक निघून जातात. काही थांबतात, विचार करतात आणि मग भाषण बदलून घेऊन येतात.

मंडळी, पुढारी गल्लीगणिक बोलणं बदलतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. पण त्यांचा कर्णा आत वळतो, तेव्हा आपल्याला हवं ते ऐकायला मिळालं म्हणून टाळ्या आपणच वाजवतो ना? म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्या दाराशी गोड बोलायला आला, की टाळ्यांसाठी हात उचलण्याआधी त्याला एवढंच विचारा, "हेच पलीकडच्या गल्लीत सांगून आलात का?"